तक्रार कुणाची?

कातरणीचा हंगाम सुरू होऊन आठच दिवस झाले होते आणि आबांचं मनगट गेलं.

कातरणी समितीच्या आवारात पत्र्याच्या छपराखाली अकरा बिल्लेवाले ओळीनं बसले होते. प्रत्येकाच्या गळ्यात पितळी बिल्ला, दोन गुडघ्यांत मेंढी, हातात कात्री. आबा शेवटून तिसरे. चाळीस वर्षं त्यांची तीच जागा. मेंढीचं पोट झालं, मागचे पाय झाले, पाठीवर पाती घातली आणि कात्री हातातून गळाली. आबांनी उचलली. पुन्हा गळाली. तिसऱ्यांदा उचलायला गेले तर बोटं मिटेचनात. मेंढी अर्धी उघडी, अर्धी लोकरीत, ओरडत आवारभर पळाली. कुणीतरी हसलं.

शेजारी लांब्या बसायचा. हाडापेरानं उंच, हाताला चपळ, अकरा जणांत सगळ्यांत तरबेज. त्यानं मेंढी धरून आणली आणि खाली मान घालून उरलेलं अंग कातरून टाकलं. आबांकडे त्यानं बघितलं नाही.

समितीचे अध्यक्ष आले. त्यांनी आबांसमोर हात पुढे केला. आबांना वाटलं, उठायला आधार देताहेत. त्यांनी आपला दुखरा हात त्या हातात दिला.

"तसं नाही आबा," अध्यक्ष म्हणाले, "बिल्ला द्या."

आबा घरी आले. सून अंगणात लोकर पिंजत होती. तिनं सासऱ्यांचा मोकळा गळा बघितला आणि पाणी तापवायला ठेवलं. गरम पाण्यात मनगट बुडवून आबा बराच वेळ बसले. मग एकदम म्हणाले, "हात कापला असता तर बरं झालं असतं. निदान दिसला तरी असता."

त्या घरात माणसं तीन. आबा, मुलगा आणि सून. बिल्ला असेल त्यानंच गावच्या मेंढ्या कातरायच्या आणि बापानंतर बिल्ला मुलाला, असा समितीचा नियम. पण मुलाला रक्त बघवत नसे. सोळाव्या वर्षी पहिल्या मेंढीला जरासा ओरखडा निघाला आणि हा तिथंच आडवा झाला. मेंढी उठून त्याच्या अंगावरून गेली. तेव्हापासून तो लोकर निवडायचा, धुवायचा, पात्यांना धार लावायचा. धार लावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कात्री मात्र सुनेच्या हाताला आली. घरच्या मेंढ्या नऊ वर्षं तीच कातरत होती. आबांनीच तिला शिकवलं होतं. मेंढीचं कातडं डाव्या हातानं ताणून धरायचं, सुरकुती राहू द्यायची नाही, पाती अंगाला टेकूनच चालवायची आणि मुख्य म्हणजे मेंढीला आपली घाई कळू द्यायची नाही.

"मी जाते अध्यक्षांकडे," सून म्हणाली.

"काय सांगशील?"

"बिल्ला मागेन. फार तर नाही म्हणतील."

दुसऱ्या दिवशी तिघंही गेली. अध्यक्षांच्या टेबलावर फाइली, फाइलींवर दगड, आणि भिंतीला खुंटीवर आबांचा बिल्ला टांगलेला. अध्यक्ष माणूस वाईट नव्हते. बोलायला गोड होते. त्यांनी तिघांना बसायला सांगितलं. खुर्च्या दोनच होत्या, म्हणून सून उभी राहिली.

"नियम असा आहे की बापामागं मुलगा," ते म्हणाले. "सुनेचं कुठं लिहिलेलं नाही."

"नाही असंही लिहिलेलं नाही ना?" सून म्हणाली.

"ज्याबद्दल काही लिहिलेलं नाही ते करायचं नसतं, बाई. लिहिलं असेल तरच करायचं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मी मार्ग सांगतो. बिल्ला याच्या नावानं घ्या. हा गळ्यात घालून आवारात बसेल. तुम्ही त्याच्या मागं बसा. हात कुणाचे चालतात ते आम्ही बघणार नाही."

मुलगा लाल झाला. "म्हणजे मी बैलासारखी घंटा बांधून बसू आणि काम ही करणार?"

"चिडायचं कारण नाही. सोय सांगितली."

सुनेनं आपले हात पुढे धरले. लोकरीच्या चिकट तेलानं तळवे मऊ झालेले, अंगठ्याच्या मुळाशी कात्रीचा घट्टा. "साहेब, हे हात कुणाचे आहेत?"

"तुमचेच की."

"मग ते यांच्या नावानं का चालवायचे?"

अध्यक्षांनी फाइलीवरचा दगड उचलून पुन्हा ठेवला. "नियम मी केलेला नाही," ते म्हणाले.

त्या वर्षी ऊन लवकर तापलं होतं आणि पावसाची चिन्हंही लवकर दिसत होती. दुपारी हवा कोंडायची, डोंगराच्या मागं ढग जमायचे आणि न बरसता पांगायचे. लोकर भिजली की मेंढी हातची जाते हे सगळ्यांना ठाऊक. आवारात कात्र्या आता दहाच राहिल्या होत्या आणि नंबर लागत होता बावीस दिवसांनी.

शेजारच्या मावशीच्या साठ मेंढ्या होत्या. एकटी बाई, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, तोंडानं फटकळ. एका सकाळी ती एक मेंढी खांद्यावर टाकूनच अंगणात आली आणि सुनेसमोर ठेवली. मेंढीच्या शेपटाखाली लोकर ओली, काळी झाली होती. सुनेनं बोटानं बाजूला केली. आत अळ्या वळवळत होत्या.

"माझा नंबर बाविसाव्या दिवशी," मावशी म्हणाली. "अळ्यांना सांगितलं थांबा म्हणून. त्या ऐकत नाहीत."

"मावशी, माझ्याकडे बिल्ला नाही."

"बिल्ल्यानं कातरतेस का कात्रीनं?"

"समिती म्हणेल..."

"मेंढी कुणाची?"

"तुमची."

"कात्री?"

"आमची."

"मी तुला हात जोडून सांगतेय का डोक्यावर काठी धरून?"

सून हसली. "हात जोडून तरी कुठं? ओरडूनच सांगताय."

"मग ह्यात तिसऱ्याचा संबंध आला कुठून, तेवढं सांग."

सुनेनं आबांकडे बघितलं. आबा ओट्यावर मनगट मांडीवर घेऊन बसले होते. उठून आत गेले आणि डाव्या हातात आपली कात्री घेऊन आले. मागं धनुष्यासारखी वाकलेली पोलादी पट्टी, मुठीला गुंडाळलेलं चामडं घामानं काळं पडलेलं. त्यांनी ती सुनेच्या पुढ्यात ठेवली.

सुनेनं मेंढी ढुंगणावर बसवली, पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवली. आधी शेपटाखालची घाण काढली. अळ्या जमिनीवर पडल्या, कोंबड्या धावल्या. जखम धुऊन नवऱ्यानं डांबराचा हात फिरवला. रक्त फारसं नव्हतं, तरी त्यानं तोंड फिरवूनच फिरवला. मग पोट, मग मागचे पाय, मग कणा धरून एका अंगानं मानेपर्यंत. पाती कचकच चालत होती. वरची मातकट लोकर उलटी पडत होती आणि आतून पिवळसर पांढरी, ओलसर, उबदार लोकर उघडत होती. शेवटी सगळी लोकर एका चादरीसारखी सलग बाजूला पडली आणि मेंढी उठून उभी राहिली. बारीक, गुलाबी, चकित. दोन उड्या मारून ती मावशीच्या अंगणाकडे पळाली.

"उरलेल्या एकोणसाठ आणू?" मावशीनं विचारलं.

ठरलं असं की दहा मेंढ्यांमागं एकीची लोकर सुनेची. मावशीला ते जास्त वाटलं, सुनेला कमी वाटलं, म्हणून दोघींनी मान्य केलं.

साठ मेंढ्या सहा दिवसांत झाल्या. पहिल्या दिवशी कंबर वाकली ती सरळ होईना. दुसऱ्या दिवशी बोटं सुजली. तिसऱ्या दिवसापासून दुखणं अंगाच्या सवयीचं झालं. मुलगा दर पाचव्या मेंढीला पाती घासून द्यायचा. आबा समोर बसून नजर ठेवायचे. "कातडं ताण. ताण म्हटलं ना! हां." एवढंच बोलायचे, पण दिवसभर बोलायचे. संध्याकाळी दोन भाकऱ्या जास्त खाऊ लागले.

मग दुसरे आले. पहिल्यांदा लपतछपत, कुणी दोन मेंढ्या, कुणी चार. मग उघड. अंगण पुरेना, तेव्हा मावशीनं आपलं पडीक रान दिलं. "माझं रान आहे. मी त्यात मेंढ्या बसवीन नाहीतर हत्ती," ती म्हणाली.

अकराव्या दिवशी सुनेच्या हातून चूक झाली. वरच्या वस्तीच्या मेंढपाळानं आपल्या कळपातल्या थोड्या मेंढ्या सुनेकडे सोडल्या होत्या आणि तो बाजारात गेला होता. दुभती मेंढी होती. सुनेनं पोटाखाली पाती घातली, मेंढीनं लाथ झाडली आणि आचळ कापलं गेलं. रक्ताची धार थेट सुनेच्या तोंडावर आली. मुलगा मागं सरकून भिंतीला टेकला. आबांनी डाव्या हातानं कापड दाबून धरलं. मेंढी वाचली, पण त्या बाजूनं दूध कायमचं गेलं.

"सांगू नकोस," मावशी हळूच म्हणाली. "लाथ तिनंच मारली. आणि समितीला आयतं कोलीत मिळेल."

सुनेनं तोंड धुतलं. आपल्या गोठ्यातली भरल्या कासेची, पहिलारू मेंढी सोडली, कापलेली दुसऱ्या हातात घेतली आणि भर दुपारी दोघींना ओढत वरच्या वस्तीवर गेली. मेंढपाळ येईपर्यंत त्याच्या दारात उन्हात बसून राहिली.

"माझ्या हातून झालं," ती म्हणाली. "ही माझी मेंढी घ्या. ती माझ्याकडे राहील."

मेंढपाळानं दोन्ही मेंढ्यांना फिरून बघितलं. "लाथ मारली असेल तिनं. खोडील आहे."

"लाथ तिनं मारली. पाती माझ्या हातात होती."

मेंढपाळानं दाढी खाजवली. "आवारात माझ्या दोन मेल्या होत्या गेल्या साली," तो म्हणाला. "जखमेत किडे पडून. मी विचारायला गेलो तर म्हणाले, कुणाच्या हातची ते नोंदीत नाही. अकराजण होते ना, मग दोष अकरांत वाटला जातो आणि कुणाच्याच वाट्याला येत नाही." त्यानं सुनेची मेंढी ठेवून घेतली. ती परत नेण्याचा आग्रह केला नाही आणि सुनेला तेच बरं वाटलं. निघताना तो म्हणाला, "उरलेल्यांपैकी चाळीस उद्या आणतो."

ही गोष्ट सुनेनं कुणाला सांगितली नाही. मेंढपाळानं सगळ्यांना सांगितली. त्यानंतर रानात जागा पुरेना.

आवार ओस पडायला लागलं तसे अध्यक्ष जागे झाले. एका सकाळी लांब्या आणि समितीचा पहारेकरी घरी आले. सून विहिरीवर गेली होती. मुलगा दारात आडवा उभा राहिला. पहारेकऱ्यानं त्याला छातीवर हात ठेवून बाजूला केलं आणि आत जाऊन खुंटीवरची कात्री काढली. आबांनी काही केलं नाही. ते लांब्याकडे बघत राहिले.

"वरून सांगितलंय आबा," लांब्या जमिनीकडे बघत म्हणाला. "मी काय करू?"

"तुझे पाय तुझेच आहेत ना?" आबा म्हणाले. "चालत कोण आलं?"

लांब्या पहारेकऱ्यामागं निघून गेला.

तासाभरात रानात पन्नासेक माणसं जमली. मेंढपाळ चिडले होते. वरच्या वस्तीवाल्यानं काठी आणली होती. "आवाराचं कुंपण पेटवू," तो म्हणाला. "पत्रे उपटू. कात्री काढून घ्यायला आले काय? चला!"

"चला!" दहा-वीस आवाज उठले.

सून विहिरीवरून धावतच आली होती. पदर ओला, पाय चिखलात माखलेले. ती वाटेत उभी राहिली.

"कुठं निघालात?"

"तुझ्याचसाठी निघालोय."

"माझ्यासाठी जाऊ नका. त्यांनी माझ्या घरात शिरून माझी वस्तू जबरदस्तीनं नेली, याचा मला राग आहे. तुम्ही त्यांच्या आवारात शिरून जबरदस्ती केलीत तर मग मी राग कशाचा धरू?"

"मग हात बांधून बसायचं?"

"हात कशाला बांधायचे?" ती धापा टाकत म्हणाली. "कुंपण त्यांचं आहे, पत्रे त्यांचे आहेत. त्यांना हात लावायचा नाही. पण आत नंबर लावून ठेवलेल्या मेंढ्या कुणाच्या आहेत?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

"आपापल्या घेऊन या," सून म्हणाली. "बाकी काही आणू नका. काठीसुद्धा इथंच ठेवा."

वरच्या वस्तीवाल्यानं काठी ठेवली. फेकलीच म्हणायची.

दुपारपर्यंत आवार रिकामं झालं. कुणी आरडाओरडा केला नाही. एकेक माणूस जायचा, फाटक उघडायचा, आपल्या मेंढ्या हाकायचा, फाटक पुन्हा लावून घ्यायचा. पहारेकरी एकालाही अडवू शकला नाही. अडवून सांगणार काय, तुझी मेंढी तुझी नाही म्हणून? शेवटचा माणूस तर फाटकाची कडी घालून वर पहारेकऱ्याला म्हणाला, "नीट बघा हो, आत कुणी शिरलं तर."

रानात हजारावर मेंढ्या, आणि कात्री एकही नाही. सून हात कमरेवर ठेवून उभी. आणि मग वेगळंच घडलं. लोहाराची बायको घरातून एक गंजलेली कात्री घेऊन आली. "माहेरी कातरायचे मी," ती म्हणाली. "इथं विचारलं नाही कुणी." खालच्या आळीतले दोन भाऊ आपल्या आज्याच्या कात्र्या घेऊन आले. कुणी माळ्यावरून काढली, कुणी पेटीच्या तळातून. संध्याकाळपर्यंत सात झाल्या. मुलगा धारेच्या दगडासमोर बसला आणि गंज उतरवायला लागला. दगडावरून ठिणग्या उडत होत्या आणि तो आयुष्यात पहिल्यांदा गाणं म्हणत होता. बेसूर, पण मोठ्यानं.

रांग कशी लावायची हा प्रश्न आला तेव्हा सगळे सुनेकडे वळले. ती म्हणाली, "मला विचारू नका. मला कातरायचंय." मग एकानं आपल्या कळपाच्या म्होरक्याच्या शिंगाला लाल चिंधी बांधली. दुसऱ्यानं पिवळी. कुणीतरी म्हणालं, अळ्या पडल्यात त्या मेंढ्या आधी. त्यावर भांडण झालं, दोघांचं तोंडाला तोंड लागलं, मग पटलं. लंगड्या आणि गाभण सावलीत बांधल्या गेल्या. ज्याला घाई होती त्यानं दुसऱ्याची जागा मागितली आणि बदल्यात त्याच्या कळपाला दिवसभर पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी रानाकडे बघितलं तर कुणीतरी आठवडाभर बसून आखणी केली असावी असं वाटे.

त्याच दिवशी साहेब आले. अध्यक्षांनीच अर्ज करून बोलावले होते. पोटानं सुटलेले, चष्मा नाकावर घसरणारे सरकारी साहेब, सोबत लिहिणारा कारकून. आवारात बसून सुनावणी घेणार होते, पण आवारात साक्षीला माणूसच नव्हता. शेवटी मावशीच्या रानात झाडाखाली टेबल मांडलं. सगळ्या कात्र्या थांबल्या.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. बोलले चांगलं, खोटं बोलले नाहीत. "साहेब, समिती कशासाठी? शिस्तीसाठी. कोण कातरतो, कसं कातरतो, कुणाला माहीत? उद्या ज्याला वाटेल तो कात्री उचलेल. हिनं तर एका दुभत्या मेंढीचं आचळ कापलंय. विचारा तिला."

"खरं का?" साहेबांनी विचारलं.

"खरं," सून म्हणाली.

एका कोकरानं बें केलं.

"ती मेंढी माझी," वरच्या वस्तीवाला मागून ओरडला. पुढे आला. "भरून मिळाली. त्याच दिवशी. न मागता. आवारात माझ्या दोन मेल्या, त्यांचं अजून कुणी सांगत नाही."

"तुमची हिच्याविरुद्ध तक्रार आहे?"

"माझ्या चाळीस मेंढ्या तिनंच कातरल्यात नंतर. तक्रार कसली?"

साहेबांनी चष्मा वर केला. "आणखी कुणाची मेंढी बिघडली? कुणाची लोकर चोरली? कुणाला धाक घालून इथं आणलं?"

"मला घातला," मावशी म्हणाली. "अळ्यांनी."

माणसं हसली. कारकूनही हसला आणि मग त्यानं ते लिहावं की नाही म्हणून साहेबांकडे बघितलं.

साहेब अध्यक्षांकडे वळले. "मेंढीवाल्याची तक्रार नाही. कातरणारीची नाही. रानवालीची नाही. मग ही तक्रार कुणाची?"

"समितीची."

"समितीची मेंढी आहे का यात एखादी?"

अध्यक्ष म्हणाले, "साहेब, असं मोकळं सोडलं तर गोंधळ होईल."

साहेबांनी मान वळवून रान बघितलं. शिंगांना चिंध्या, सावलीत गाभण मेंढ्या, ओळीनं पडलेले लोकरीचे गठ्ठे. "ही रांग कुणी लावली?" त्यांनी सुनेला विचारलं.

"कुणीच नाही, साहेब."

"कुणीतरी लावली असेल."

"सगळ्यांनी थोडी थोडी लावली. भांडून."

साहेब सुनेला म्हणाले, "तुमचं काही म्हणणं?"

सुनेला बोलायची सवय नव्हती. तिनं हात पदराला पुसले. "समिती बंद करा असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "ज्याला बिल्ला हवा त्यानं घ्यावा. ज्या मेंढपाळाचा बिल्ल्यावर भरवसा आहे त्यानं आवारात जावं. फक्त ज्याला जायचं नाही त्याला ओढून नेऊ नये. माझ्या हातून कुणाचं नुकसान झालं तर मला धरा. नुकसान व्हायच्या आधीच धरू नका. आणि..." ती अडखळली. "आमच्या घरात कुणीतरी शिरलं होतं, साहेब. आम्ही बोलावलं नव्हतं."

साहेबांनी पहारेकऱ्याकडे बघितलं. "कात्री घरातून उचललीत? कुणाच्या लेखी हुकुमानं?"

पहारेकऱ्यानं अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी झाडाकडे बघितलं.

"म्हणजे या सगळ्यात गुन्हा झालाय तो एवढाच," साहेब म्हणाले. कारकुनाला त्यांनी सावकाश सांगितलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल. "लिहा. समितीला आपलं आवार सांभाळायचा अधिकार आहे. माणसं सांभाळायचा नाही. कात्री आत्ताच्या आत्ता परत करावी. पुन्हा कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं तर मी दुसरी सुनावणी घेईन आणि ती तुमची असेल."

रान असं ओरडलं की मेंढ्या बुजून चारी दिशांना पळाल्या, लाल चिंधी पिवळ्यात आणि पिवळी लालमध्ये गेली. कुणी टोप्या उडवल्या, कुणी लोकरीचे पुंजके. मुलानं बायकोला सगळ्यांदेखत उचललं आणि मग लाजून खाली ठेवलं. आबा उठून उभे राहिले होते. कात्री आणून दिली ती त्यांनीच डाव्या हातात घेतली, चामडं अंगठ्यानं चाचपून बघितलं आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "ओले हात लावलेस. गंज धरेल." डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

साहेबांची गाडी वळणाआड गेली नाही तोच मेंढपाळ सुनेभोवती गोळा झाले. सगळ्यांच्या मनात एकच आलं होतं. वरच्या वस्तीवाला पुढे झाला. "वहिनी, आता आपण आपली समिती काढू. तुम्ही मुख्य. बिल्ले तुम्ही द्यायचे. तुमच्या परवानगीशिवाय या भागात कुणी कात्री लावायची नाही. आवारवाल्यांना तर बिलकूल नाही."

"बिलकूल नाही!" मागून आवाज आले.

सुनेला क्षणभर बरं वाटलं. खोटं कशाला, चांगलंच बरं वाटलं. अख्ख्या भागाची कातरण, दर तिचा, शब्द तिचा. आबा तिच्याकडे बघत होते. नवराही बघत होता. लोहाराची बायको मात्र बघत नव्हती. ती मान खाली घालून आपल्या गंजक्या कात्रीच्या पात्यावरून बोट फिरवत होती. सुनेला ते बोट दिसलं.

"नको," ती म्हणाली.

"का? तुम्ही प्रामाणिक आहात."

"समिती काढणारा अध्यक्षांचा आजाही प्रामाणिकच असेल. मी नको म्हणते ते तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. उद्या कुणीतरी माझ्यासमोर उभं राहून हात पुढे करील आणि विचारील, हे कुणाचे आहेत. मला तेव्हा फाइलीवरचा दगड हलवत बसायचं नाही."

कुणाला ते पूर्ण कळलं नाही, पण सगळ्यांना पटलं. दिवस कलायला अजून वेळ होता. माणसं पांगलेल्या मेंढ्या गोळा करायला धावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानाच्या कडेला लांब्या दिसला. गळ्यात बिल्ला नव्हता. हातात कात्री होती. तो बराच वेळ तिथंच उभा राहिला, मग आबांच्या समोर आला.

"आबा, त्या दिवशी पाय माझेच होते," तो म्हणाला.

आबांनी त्याला नीट निरखून बघितलं. "आज?"

"आजही."

"मग बस की. उभा काय?"

लांब्या सुनेकडे वळला. "मला इथं बसू द्याल का?"

"रान माझं नाही. मावशीला विचारा."

"दर?"

"तुमचा तुम्ही ठरवा. मला कशाला सांगता?"

मावशीनं त्याला अर्धा तास झापलं आणि मग झाडाची सावली दिली. लांब्या बसला. दर त्यानं बारा मेंढ्यांमागं एकीची लोकर असा सांगितला, सुनेच्या दहापेक्षा स्वस्त. रानात कुजबुज झाली. वरच्या वस्तीवाला खाकरला, सुनेकडे न बघता आपल्या उरलेल्या वीस मेंढ्या हाकल्या आणि लांब्यापुढे नेऊन उभ्या केल्या.

सुनेनं लांब्याचा हात बघितला. काय हात होता! पाती दिसतच नव्हती, लोकर आपणहून उतरत होती. ती बघतच राहिली. मग तिला हसू आलं, आधी बारीक, मग आवरेना. मुलगा दगडावरून वर बघायला लागला. "काय झालं?"

"काही नाही. माझी पाती घासून दे. चांगली घास."

तिनं पदर खोचला, गुडघे टेकले आणि रांगेकडे बघून हाक दिली, "अकरा मेंढ्यांना एक! कुणाची पुढची?"

"माझी!" तीन-चार आवाज एकदम आले.